बाहेरचं ग्राफिक्स कार्ड लावताना या चुका टाळा

परीक्षा संपल्या की गेम खेळायला लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडू पाहणारी सोलापुरातली पोरं माझ्याकडे यायला लागतात. "दादा, कार्ड घेतलं, डॉक घेतला, पण लॅपटॉप ओळखेना की." (डॉक म्हणजे कार्ड बसवून केबलने लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा साचा.) मी विचारतो, पोर्ट कुठलं आहे? उत्तर ठरलेलं: "टाइप-सी."

टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार झाला. ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे प्रोसेसरशी बोलायची वेगवान वाट लागते. ती थंडरबोल्ट ३ आणि ४ या टाइप-सी आकाराच्याच वेगवान पोर्टमधून मिळते, यूएसबी ४ मधून लॅपटॉपच्या कंपनीने दिली असेल तरच मिळते आणि साध्या यूएसबी ३.२ च्या टाइप-सीमधून अजिबात मिळत नाही. त्या पोर्टवर बऱ्याचदा चार्जिंग होतं, टीव्हीही लागतो, म्हणून माणूस फसतो.

जुळे सोलापूरच्या एका पोराने असंच केलं. जुनं आरटीएक्स ३०६०, डॉक, पॉवर सप्लाय असं सगळं परीक्षेआधीच मागवलं आणि वडिलांच्या धाकाने खोकी न फोडता कपाटावर ठेवली. पेपर संपल्यावर जोडणी केली, तर कार्डाचे पंखे फिरतात आणि लॅपटॉप ढिम्म. मग कुठल्याशा व्हिडिओत बघून ड्रायव्हर काढून घातले, केबल बदलल्या, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकली. माझ्याकडे आला तेव्हा मी लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबर वाचला आणि कंपनीच्या पानावर बघितलं: यूएसबी ३.२ जेन २. विषय तिथेच संपला. मागचं झाकण उघडून एम.२ स्लॉटमधून (एसएसडी बसते ती खाच) ऑक्युलिंक, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस थेट बाहेर आणणारी केबल, जोडता येईल का तेही पाहिलं. स्लॉट एकच, आणि त्यात एसएसडी बसलेली. डॉक परत करायची मुदत कपाटावरच उलटून गेली होती. आता ते कार्ड त्याच्या चुलतभावाच्या डेस्कटॉपमध्ये आहे आणि हा संध्याकाळी तिकडे खेळायला जातो.

म्हणून माझ्याकडे नियम एकच. आधी खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, मग कंपनीचं पान, मग पैसे. दुकानदार "चालतंय की" म्हणाला, हा पुरावा नव्हे. ॲपलच्या एम१ आणि त्यापुढच्या चिपच्या मॅकबुकवर गेमसाठी हा उद्योग करूच नका.

दुसरी चूक बघून तर माझं डोकंच फिरतं: एवढं महागडं कार्ड लावायचं आणि गेम लॅपटॉपच्याच छोट्या स्क्रीनवर खेळायचा. थंडरबोल्ट ३ चे सेकंदाला ४० गिगाबिट कागदावर. त्यातले कार्डाच्या वाट्याला फार तर ३२, प्रत्यक्षात त्याहून कमी. डेस्कटॉपच्या सोळा लेनच्या (शेजारी-शेजारी सोळा वाटांच्या) पीसीआय एक्सप्रेस ४.० स्लॉटला तोच आकडा २५० च्या आसपास जातो. आधीच बोळ अरुंद, त्यात तयार झालेलं चित्र त्याच बोळातून लॅपटॉपकडे परत आणायचं! वेगळा मॉनिटर घ्या आणि त्याची केबल थेट कार्डात खोचा. मॉनिटर घ्यायला पैसे उरत नसतील, तर कार्ड एक पायरी खालचं घ्या. हे ऐकून पोरांची तोंडं वाकडी होतात, पण माझं मत बदललेलं नाही.

त्याच नादातली पुढची चूक म्हणजे गेमची ग्राफिक्स सेटिंग तळाला नेऊन सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) मिळतात ते मोजत बसणं. फ्रेम जितक्या जास्त, तितकी केबलवर गर्दी आणि पातळ लॅपटॉपच्या १५ वॅटच्या प्रोसेसरला धाप. रिझोल्यूशन १४४०पी ठेवा, सेटिंग वाढवा. काम कार्डाकडे जातं आणि तोटा कमी जाणवतो.

केबल डॉकसोबत आलेलीच वापरा. थंडरबोल्ट ३ ची साधी केबल अर्ध्या मीटरहून लांब असली की वेग २० गिगाबिटवर येऊ शकतो. ऑक्युलिंकची केबल चालू मशीनमध्ये काढू-घालू नका. आधी डॉक चालू करा, मग लॅपटॉप.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे कोड १२ ही चूक दिसली, तर ड्रायव्हर दहा वेळा टाकूनही काही होणार नाही. कार्डाला मेमरीचे पत्ते पुरत नाहीयेत. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, त्यात 'अबव्ह ४जी डीकोडिंग' असेल तर चालू करा. लॅपटॉपचं स्वतःचं वेगळं ग्राफिक्स असेल तर ते बंद करून बघा.

लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि कार्ड मात्र तत्क्षणी मरतं. मग गेम गोठतो, नाहीतर निळी स्क्रीन येते. यूपीएस घ्यायचा तर डॉक आणि मॉनिटर दोन्हींचा भार पेलेल असा घ्या. नुसत्या राउटरला चालणारा छोटा डबा इथे कामाचा नाही.

आणि मे महिन्यात उघडा डॉक कूलरसमोर ठेवणारे बरेच आहेत. गार हवा मिळते म्हणे! कूलरची हवा ओली असते, कधी थेंबही उडतात आणि ते खारं पाणी सर्किटवर वाळलं की पांढरे डाग सोडतं. कूलर खोलीत असू द्या, डॉक त्याच्या झोतात नको. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर पंख्यांत सुताची बारीक कूस अडकते. महिन्यातून एकदा सगळं बंद करून, पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने ती काढा.