सिनेमा फुटू नये म्हणून, आणि फुटलाच तर: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या मराठी निर्मात्यांसाठी

पायरसीचा फटका किती बसतो, हे बरंचसं कॉपी कधी बाहेर पडली त्यावर ठरतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, प्रदर्शनाआधी फुटलेल्या सिनेमांची कमाई प्रदर्शनानंतर फुटलेल्यांच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ लागायच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला, तेव्हा चित्राच्या कोपऱ्यात ‘फॉर सेन्सॉर’ अशी अक्षरं होती. तिथे कुणी थिएटरात मोबाइल धरून बसलेलं नव्हतं, कॉपी कामाच्या साखळीतूनच निसटली होती. म्हणून वेळ आणि पैसा यांचा मोठा वाटा प्रदर्शनाआधी खर्च करा. नंतरची धावपळ ही नुकसान कमी करण्यापुरतीच असते.

कॉपी कुणाकुणाकडे आहे

पूर्ण सिनेमा किती जणांच्या हार्ड डिस्कवर आहे, हे बहुतेक निर्मात्यांना सांगता येत नाही. संकलक, ध्वनीवाले, पार्श्वसंगीतकार, व्हीएफएक्सवाले, कलरिस्ट, सबटायटल करणारे, ट्रेलर कापणारे, सेन्सॉरचं काम बघणारा एजंट, महोत्सवांचे निवडकर्ते, ओटीटीचे खरेदीदार, शिवाय ‘जरा बघून सांगतो’ म्हणणारे दोन-चार मित्र. बेरीज केली तर आकडा सहज पंधरा-वीसवर जातो.

एक साधी एक्सेल शीट करा. कॉपीचा क्रमांक, कुणाला दिली, कुठल्या माध्यमातून (ड्राइव्हचा सीरियल नंबर किंवा लिंक), रिझोल्यूशन, दिल्याची तारीख आणि पुसल्याची किंवा परत मिळाल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या माणसाचं शेवटचं बिल थांबवा. जरा कठोर वाटेल, पण विनंत्या करून कुणी फाइल पुसत नाही.

प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच द्या. सबटायटल करणाऱ्याला ४८०पी पुरतं. पार्श्वसंगीतकाराला टाइमकोड (चित्रावर धावणारी वेळ) हवा, ७२०पीपेक्षा जास्त काही नको, आवाज मोनो चालतो. त्याला ५.१ (सराउंड) मिक्ससह स्वच्छ फाइल देण्याचं काहीच कारण नाही. पूर्ण सिनेमाची गरज नसेल तर रीळनिहाय तुकडे द्या. प्रत्येक कॉपीवर त्या माणसाचं नाव चित्रात जाळून टाका, म्हणजे वेगळा थर न ठेवता पिक्सेलमध्येच. कोपऱ्यातलं नाव क्रॉप होतं किंवा ब्लर होतं. म्हणून साधारण १५ ते २० टक्के ओपॅसिटीने (म्हणजे फिकट) ते चित्राच्या मध्यभागी ठेवा आणि दर काही मिनिटांनी जागा बदला. ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड फोनवर सांगा. लिंक आणि पासवर्ड एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये पाठवला तर तो मेसेज फॉरवर्ड झाला की सगळंच गेलं.

ओटीटी किंवा महोत्सवाच्या लिंकवर डाउनलोड बंद ठेवा आणि मुदत सात दिवसांची द्या. बघणाऱ्याचा ईमेल चित्रावर आपोआप उमटवणारी सेवा थोडी महाग पडते, तरी त्यात काटकसर करू नका.

डीसीपी आणि केडीएम

दोन तासांच्या सिनेमाचा डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रिंट, साधारण शंभर ते दोनशे जीबीचा होतो. तो एन्क्रिप्टेड असेल तर ड्राइव्ह हरवली तरी चोराच्या हाती लोखंडच लागतं, कारण किल्ली म्हणजे केडीएम वेगळी येते आणि ती ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक वेळेतच चालते. धोका असतो तो एन्क्रिप्ट न केलेल्या डीसीपीचा. महोत्सव बऱ्याचदा सोयीसाठी तसाच मागतात, आणि नंतर तीच ड्राइव्ह ‘तयार आहेच’ म्हणून प्रीमियरला, मग आणखी कुठे फिरते. महोत्सवाची ड्राइव्ह वेगळ्या रंगाच्या पेटीत ठेवा आणि महोत्सव संपला की परत मागवा.

केडीएममध्ये घोळ होतो तो वेळेचा. फाइलमधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) वाचली गेली तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि सकाळी दहाच्या शोला पडदा काळाच राहतो. दुसरा घोळ म्हणजे थिएटरने सर्व्हर बदललेला असतो आणि तुमची किल्ली जुन्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर बनलेली असते. दोन्हींसाठी उपाय एकच, गुरुवारी दुपारपर्यंत प्रत्येक स्क्रीनच्या ऑपरेटरकडून ‘किल्ली घेतली, दोन मिनिटं चालवून पाहिली’ असा निरोप घ्या. त्यासाठी किल्लीची खिडकी, म्हणजे ती चालण्याची मुदत, गुरुवारी सकाळपासून उघडी ठेवावी लागेल. त्याहून आधी उघडू नका. प्रीमियरची किल्ली वेगळी आणि फक्त त्या संध्याकाळपुरती.

ज्या थिएटरांत डीसीआय या आंतरराष्ट्रीय मानकाऐवजी ई-सिनेमाची यंत्रणा आहे, तिथे परवानगी त्या सेवा कंपनीकडून येते. पण वॉटरमार्क (चित्रात दडलेली ओळखखूण) आहे का आणि त्यावरून नेमका शो कळतो की फक्त स्क्रीन, हे करार करतानाच विचारून घ्या.

थिएटरच्या आत

कॅम प्रिंट, म्हणजे पडद्यावरून चोरून केलेलं रेकॉर्डिंग, काढणारा भरलेल्या शनिवारच्या शोला येत नाही. शेजारचे हसतात, उठतात, डोकी आडवी येतात. त्याला शुक्रवारचा सकाळचा किंवा सोमवारचा दुपारचा विरळ शो सोयीचा. जागा मधल्या रांगेपासून मागे आणि पडद्याच्या बरोबर समोर. फोन शर्टाच्या खिशात, कप होल्डरमध्ये किंवा दोन सीटांच्या फटीत असतो, ब्राइटनेस शून्यावर. मागे उभं राहून तो दिसत नाही. डोअरकीपरला पडद्याच्या बाजूच्या दारातून आत येऊन प्रेक्षकांकडे बघायला सांगा. एक फेरी सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत, एक मध्यंतराआधी आणि एक मध्यंतरानंतर. प्रत्येक फेरीला दोन मिनिटंही लागत नाहीत.

स्टोरीसाठी वीस सेकंदांचा व्हिडिओ काढणारी मुलं आणि पूर्ण रेकॉर्डिंग करणारा यांच्यात फरक करा. मुलांना नम्रपणे थांबवलं की पुरे. दुसऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी करू नका. फोन हिसकावू नका, आणि ‘डिलीट कर’ म्हणू नका. पुरावाच पुसला गेला तर पोलिसांपुढे ठेवायला काय उरणार? मॅनेजरला बोलवा, ११२ वर फोन करा, स्क्रीन, शोची वेळ आणि सीट नंबर लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून घ्या, ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

सिनेमॅटोग्राफ (सुधारणा) कायदा, २०२३ नुसार परवानगीशिवाय असं रेकॉर्डिंग किंवा प्रसारण करणाऱ्याला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीच्या लेखापरीक्षित एकूण खर्चाच्या पाच टक्के आहे. ही ओळ मराठीत तिकीट खिडकीपाशी लावा. इंग्रजी स्लाइड कुणी वाचत नाही.

फुटल्यावरचे पहिले दोन दिवस

एक फाइल आठवडाभर आधी तयार ठेवा. सेन्सॉर प्रमाणपत्र, हक्कांचे करार, तक्रार करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र आणि पोस्टर. शुक्रवारी रात्री अकरा वाजता सही करणारा भागीदार गावाला गेलेला असतो, आणि तेवढ्यात सिनेमा फिरवणारे टेलिग्राम चॅनेल दहाचे शंभर होतात.

आधी प्रिंट ओळखा. वाकडी चौकट, खोकल्याचे आवाज असतील तर कॅम. नाव किंवा टाइमकोड दिसला तर आपल्या शीटमधली कॉपी. अगदी स्वच्छ असेल तर ओटीटीला दिलेली फाइल किंवा पोस्ट स्टुडिओ. मग सलग दहा मिनिटांचा तरी भाग मिळेल त्या स्वरूपात जतन करा. तो व्हॉट्सॲपने पाठवू नका, पुन्हा एन्कोड करू नका. डीसीआय यंत्रणेत दर पाच मिनिटांच्या भागात स्क्रीन आणि वेळ सांगणारी ३५ बिट्सची खूण असते, आणि फाइल जितक्या वेळा कॉम्प्रेस होईल तितकी ती शोधणं अवघड होतं. फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालच्या, डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात तो लागतो.

यूट्यूब, फेसबुक आणि गूगल सर्चचे कॉपीराइट फॉर्म सगळ्यात लवकर चालतात, तिथून सुरुवात करा. टेलिग्रामला प्रत्येक पोस्टची स्वतंत्र लिंक द्या. नुसतं चॅनेलचं नाव दिलं तर तक्रार पडून राहते. कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे नोटीस दिली तर मध्यस्थ कंपनीला (म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मला) ३६ तासांत कारवाई करावी लागते, पण त्यात एक अट आहे जी अनेकांच्या लक्षात येत नाही. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी तुम्ही त्याच नोटिशीत देता. आदेश आला नाही तर मजकूर परत उघडला जाऊ शकतो. म्हणून वकील आधीच नेमलेला हवा. समांतर तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालय किंवा सेन्सॉर बोर्डाच्या, पायरसीसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करा. त्यांच्या निर्देशानंतर ४८ तासांत लिंक काढणं अपेक्षित असतं.

पोलिसांत जाताना ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे जा. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय महापेला आहे, तिथेही प्रत द्या. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर ताटकळू नका. बजेट असेल तर प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधीच ‘जॉन डो’ आदेशासाठी, म्हणजे अनोळखी पायरसी करणाऱ्यांविरुद्धच्या मनाईहुकमासाठी, अर्ज करा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सरसकट साइट बंद करण्याऐवजी तपासलेल्या नेमक्या लिंक मागितल्या होत्या. तेव्हा यादी नीट बनवा.

आणि कृपा करून कलाकारांना ‘अमुक साइटवर आमचा सिनेमा बघू नका’ अशी पोस्ट टाकू देऊ नका. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना पत्ता मिळतो. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट सिनेमापेक्षा जलद फिरतो.

खुर्च्या रिकाम्या कशामुळे

सोमवारी प्रेक्षक घटला की सगळे पायरसीकडे बोट दाखवतात. आधी हिशेब करा. वितरकाकडून रोजचा कलेक्शन रिपोर्ट स्क्रीननिहाय मागवा. ठाण्यातली दोन, वाशी-सीवूड्समधली दोन आणि खारघर-पनवेलमधलं एक थिएटर एवढं पुरेसं आहे. प्रत्येक शोसाठी खुर्च्या, विकलेली तिकिटं आणि वेळ लिहा. बुकिंग ॲपवरचा सीट मॅप शो सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी बघितला तर अंदाज येतो, पण राखून ठेवलेल्या सीटाही भरलेल्या दिसतात. तो आकडा रिपोर्टशी ताडून घ्या.

समजा, २०० खुर्च्यांच्या स्क्रीनवर शुक्रवारी सकाळी सव्वादहाचा आणि संध्याकाळचा असे दोन शो होते, मिळून १८० तिकिटं. सोमवारी सकाळी सव्वादहाचा एकच शो उरला आणि ३० तिकिटं गेली. प्रेक्षक १८० वरून ३० वर आला, म्हणजे ८३ टक्के घट. पण शुक्रवारी सव्वादहाच्याच शोला किती होते? ते ४५ असतील तर त्या वेळेची घट ३३ टक्के. उरलेला फटका संध्याकाळचा शो गेल्याचा. सव्वादहाला डोंबिवली-ठाण्याचा नोकरदार फास्ट लोकलमध्ये असतो, तो पायरसी करत नाही आणि सिनेमाही बघत नाही. मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ दरम्यान शो मिळावा हा सरकारी आग्रह २०१५ पासून आहे. त्याचा आधार घेऊन रविवारी रात्रीच थिएटरच्या शोच्या वेळा ठरवणाऱ्या प्रोग्रामिंगवाल्यांशी बोला, सोमवारी सकाळी उशीर झालेला असतो.

फुटल्याचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर लिंक फिरायला लागल्याची तारीख-वेळ नोंदवा आणि आधीच्या-नंतरच्या त्याच वेळेच्या शोंची तुलना करा. सोबत त्याच आठवड्यातला न फुटलेला दुसरा मराठी सिनेमा घ्या. दोन्ही सारखेच खाली आले असतील तर कारण क्रिकेटची मॅच, परीक्षा, किंवा शनिवार-रविवारी ठाण्याच्या गडकरी, घाणेकर आणि वाशीच्या भावे नाट्यगृहात लागलेली नाटकं असू शकतात. फक्त तुमचाच घसरला तर लिंककडे संशय वळवा. तोंडी प्रसिद्धी वाईट असेल तरी चित्र असंच दिसतं, तेव्हा पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पन्नास जणांना विचारून ठेवलेलं बरं.

मोठ्या आकड्यांनी गोंधळू नका. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या २०२४ च्या अहवालात, २०२३ साली थिएटरच्या सिनेमांच्या पायरसीचा आकार १३,७०० कोटी रुपये धरला आहे. फुकट बघणारा प्रत्येक जण तिकीट काढणारच होता असा त्याचा अर्थ घेऊन वितरकाशी भांडायला गेलात तर हिशेब टिकणार नाही. २०१२ मधल्या एका अभ्यासात हॉलिवूडच्या सिनेमांची कमाई जास्त घटलेली दिसली ती जिथे ते उशिरा लागत अशा देशांत. इथेही तेच बघा. ठाण्यात सिनेमा लागला आणि बदलापूर, कर्जत, उरणला लागलाच नाही, तर तिथल्या माणसाला लिंकशिवाय पर्याय तरी कुठे आहे? त्या भागात एखादा शनिवार-रविवारचा शो मिळवणं हे वीस टेकडाउन (लिंक काढायच्या) नोटिशींपेक्षा स्वस्त पडतं.

तिकिटाचा दरही तपासा. २०२२ च्या राष्ट्रीय सिनेमा दिनी ७५ रुपयांत देशभर सुमारे ६५ लाख लोक थिएटरात गेले. मंगळवार-बुधवारी १०० रुपयांच्या आतलं तिकीट ठेवायची विनंती करा आणि ५० जणांचं ग्रुप बुकिंग घेणाऱ्या सोसायट्यांना शोची वेळ आठवडाभर आधी कळवा.

ओटीटीवर सिनेमा आला त्याच दिवशी स्वच्छ एचडी प्रिंट फिरायला लागते. त्या तारखेच्या आधीच्या शुक्रवारी उरलेल्या स्क्रीनच्या किल्ल्या वाढवायच्या का ते ठरवा, शीटमधल्या सगळ्या ड्राइव्ह परत आल्याची खात्री करा आणि टेकडाउनचं काम ओटीटी कंपनीच्या टीमकडे लेखी सोपवा. करारात ते कुणाचं काम आहे हे लिहिलेलं नसेल तर ते सही करायच्या आधी लिहून घ्या.