खडपातले तारामासे पाहायचे तर

खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात, तारामासा दिसणार की नाही, हे निम्मं तिथीवरच ठरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी; ते सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीलाही, फारसं मागे हटत नाही. तेव्हा गेलात तर हेलपाटा. अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस धरा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या सुमारास सुकती. हा झाला अंदाज. निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच. सुकतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की परता. येताना सहज ओलांडलेली घळ जाताना कमरेएवढी भरलेली असते. पावसाळ्यात नकोच.

पायात पकडीचे जुने बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात, आणि पडताना हात टेकला की कालवांच्या धारेने तळवा चिरतो.

डबक्याशी बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. सपाट बुडाचा पारदर्शक डबा पाण्यात बोटभर दाबून त्यातून बघा. तरंग आणि चकाकी जाते, तळ स्वच्छ दिसतो. मग तारामाशाच्या बाहूंच्या कडेला बारीक नळीपाय हलताना सापडतात. पाण्याच्या दाबावर चालणारे हे पाय दगडाला घट्ट चिकटलेले असतात. ओढलंत तर तारामासा हातात येतो, पाय दगडावरच तुटून राहतात. पाण्याबाहेर काढून फोटो घेणं हा तर सरळ छळ आहे: त्याचा श्वास पाण्यातच चालतो.

दगड उचलायचा तर आपल्याकडची कड वर करा, हळू. खाली ब्रिटल स्टार (तारामाशाचा बारीक, लवचिक बाहूंचा भाऊबंद) असेल तर तो सळसळत पळेल. पकडलात तर बाहू टाकून जाईल. बघून झालं की दगड होता तसाच ठेवा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात मरतात. समुद्रकाकडी हा तारामाशाचाच काकडीसारखा लांबट, मऊ भाऊबंद; तिला हातही लावू नका. घाबरली की काही जाती आतडी बाहेर टाकतात, शिवाय भारतात सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाळूतला सँड डॉलर, म्हणजे तारामाशाचा चपटा, गोल भाऊबंद, पांढरा आणि गुळगुळीत असेल तर मेलेला. बारीक काट्यांची मखमल असेल तर जिवंत.

सी अर्चिन, अंगभर काटे असलेला गोल समुद्री जीव, कातळाच्या खळग्यात बसतो, म्हणून न बघता कपारीत हात घालू नये. काटा रुतलाच तर दिसणारा तुकडा चिमट्याने सरळ रेषेत ओढा. काटा चुनखडीचा, ठिसूळ. वाकवला की आत मोडतो. सुईने कोरू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, ३० ते ९० मिनिटं पाय बुडवला की ठणका उतरतो. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. काळानिळा डाग दोन-तीन दिवसांत गेला तर तो नुसता रंग होता. राहिला, सूज वाढली किंवा काटा सांध्याजवळ असला तर डॉक्टरकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.