नायट्याचं मलम लावताय? या चुका टाळा

मृग बरसून पंधरा दिवस झाले की फोंड्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येऊ लागतं. काउंटरपाशी येऊन दुकान रिकामं व्हायची वाट बघत उभं राहतं आणि मग पिळून पिळून चपटी झालेली एक ट्यूब खिशातून काढून हळू आवाजात म्हणतं, "हीच द्या."

गेल्या पावसात सत्तरीतले एक काका असेच आले. ट्यूबवरचं नाव घासून निम्मं गेलं होतं. "बाय, हीच दे. बाकीच्या सगळ्या लावून झाल्या, हिच्यानंच रात्रीची झोप लागते." मी ट्यूब उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला. आत चार औषधं होती: बुरशीवरचं टर्बिनाफिन, दोन जंतुनाशकं आणि क्लोबेटासॉल. काकांना झोप लागत होती ती क्लोबेटासॉलमुळे. सात महिने नायटा हटत नव्हता तोही बहुतेक त्याच्याचमुळे.

खाज थांबली म्हणजे बुरशी मेली, असं नाही. या लेखातलं एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी कितीतरी लोकांचे महिनोन्‌महिने वाचतील.

चूक पहिली आणि सगळ्यांत मोठी: स्टिरॉइडचं मिश्रण

क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांतल्या सगळ्यांत कडक गटातलं. खाज, लाली, सूज ही आपलं शरीर बुरशीशी झुंजत असल्याची खूण. स्टिरॉइड ती झुंजच बंद पाडतं. म्हणून दोन दिवसांत आराम पडतो आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. नायट्याची ओळख म्हणजे त्याची उठावदार, खवलेदार गोल कडा. ती पुसट होते, चट्टा वेडावाकडा पसरतो आणि मग तो बघून डॉक्टरांनाही पटकन निदान करता येत नाही. मलम बंद केलं की खाज दुप्पट जोरानं उलटते. माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतो.

जांघेची कातडी मुळात पातळ, त्यात ती कपड्यांनी झाकलेली, घामानं ओली. तिथं स्टिरॉइड जास्त मुरतं. काही आठवड्यांतच कातडी आणखी पातळ होते आणि जांभळट रेघा उमटतात, गरोदरपणात पोटावर पडतात तशा. त्या पुढं फिक्या होतात, पण पूर्ण जात नाहीत. विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर या रेघा बघते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे सगळं टाळता येण्यासारखं असतं.

म्हणून ट्यूबचं नाव पाठ करू नका, मागचा मजकूर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काहीही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, आणि डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ते नायट्यावर लावायचं नाही. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल, लुलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. ट्यूबमध्ये यांतलं एकच औषध असावं, सोबत दुसरं काही नसावं. शेवटी 'झोल' दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. ऑर्निडाझोल या मिश्रणांत हमखास असतं आणि त्याचा बुरशीवर काहीच उपयोग नाही. 2018 साली केंद्र सरकारनं स्टिरॉइडची 14 मलमं शेड्यूल एच यादीत घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आमच्यापैकी एखाद्यानं चिठ्ठी मागितली तर कृपा करून रागावू नका. तो तुमच्या कातडीचीच काळजी घेतोय.

आणि महिनोन्‌महिने असं मिश्रण लावून झालं असेल तर? स्वतःला दोष देऊ नका, पण ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. कडक स्टिरॉइड बरेच दिवस लावून अचानक सोडलं की काही दिवस लाली आणि आग वाढते. हे आधी माहीत असलं तर माणूस धीर धरतो आणि पुन्हा जुन्या ट्यूबकडं वळत नाही.

डाग दिसेनासा झाला की मलम बंद

बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहते. डाग फिका पडला तरी त्या थरात तिचे धागे शिल्लक असतात. क्लोट्रिमाझोल डाग गेल्यावरही साधारण दोन आठवडे लावत राहायचं असतं. अंगावरच्या नायट्याला चारेक आठवडे धरून चाला. औषधाप्रमाणं वेळा बदलतात: क्लोट्रिमाझोल दिवसातून दोन-तीनदा, लुलिकोनाझोल दिवसातून एकदाच. जास्त वेळा लावलं म्हणून लवकर बरं होत नाही, आग मात्र होते.

लावायची रीतही सांगते, कारण बहुतेक जण मधोमध ठिपका ठेवून चोळतात. बुरशी तर कडेनं बाहेर सरकत असते. आधी जागा साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडी करा, पंख्याखाली पाच मिनिटं बसा. मग कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या दिसणाऱ्या कातडीपासून सुरुवात करून आत या. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही जांघा मिळून चार तळहात भरत असतील तर एका वेळी एक ग्रॅम, दोन वेळचे दोन. म्हणजे 15 ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपायला हवी. महिनाभर पुरली तर औषध कमी पडलंय असं समजा. लावून झाल्यावर हात साबणानं धुवा. वर प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी गुंडाळू नका.

ओले कपडे, एकच टॉवेल

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पडवीतल्या दोरीवर चड्डी तीन दिवस लोंबकळते आणि चौथ्या दिवशी दमटच अंगावर चढते. वर जीन्स, वर रेनकोट आणि स्कूटरवर फोंडा ते पणजी. अशा वेळी कितीही चांगलं मलम लावलं तरी ते कमी पडतं.

रुग्णाचे कपडे, टॉवेल, चादर वेगळी ठेवा आणि कडक गरम पाण्यात धुवा. वाळलेत असं वाटलं तरी आतल्या बाजूनं शिवणीवरून आणि इलास्टिकवरून गरम इस्त्री फिरवा, कारण ओल तिथंच दडून बसते. बुरशीचे बीजाणू कपड्यांत महिनोन्‌महिने तग धरतात. पावसाळ्यापुरती जीन्स बाजूला ठेवून सैल सुती कपडे घाला. पायाच्या बोटांतही बुरशी असेल तर कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. उलटं केलं तर चड्डी पावलांवरून वर येताना बुरशी जांघेत घेऊन येते.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, नाहीतर शेतात पाण्यात उभं राहणारे, हॉटेलच्या स्वयंपाकघरात दहा-दहा तास बंद बूट घालणारे, ओल्या मैदानावर फुटबॉल खेळणारी मुलं, या सगळ्यांना चिखल्या होतात. मलम लावण्याआधी बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हा निम्मा उपचार आहे. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे एकाला सुकायला दिवस मिळतो.

घरात दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी सुरू करायला हवा. लाजेपोटी हे राहून जातं. सासूला सुनेनं सांगायचं नाही, दिराला भावजयीनं विचारायचं नाही, आणि बुरशी टॉवेलावरून घरभर फिरत राहते. काकांना मी हेच विचारलं. तेव्हा कळलं की त्यांच्या नातवाच्या पाठीवरही दोन चट्टे होते आणि दोघं एकाच चादरीत झोपत होते.

बिब्बा, लिंबू, रॉकेल

टाकळा, म्हणजे आपला तायकिळो, जुन्या काळापासून नायट्यावर सांगतात. पावसात त्याची खोबरं घातलेली भाजी जरूर खा. पण पाला लिंबाच्या रसात वाटून जांघेत बांधू नका. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजून फोड येतात. रॉकेल आणि कडक जंतुनाशकांनीही भाजतं. भाजलेल्या कातडीतून जिवाणू शिरतात आणि साधा नायटा पिकतो.

मलम नीट लावूनही बरं होत नसेल तर

आधी बघा की बुरशी नखात किंवा डोक्याच्या केसांत तर नाही. तिथं मलम पोचत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या डॉक्टरच ठरवतात. चट्टे खूप पसरले असतील तरीही तेच. वारंवार उलटत असेल तर रक्तातली साखर तपासा. औषधाला दाद न देणारी बुरशीही आता आहे. आपल्याकडं सर्रास सापडणाऱ्या एका जातीला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं आणि तिच्यावर टर्बिनाफिन बऱ्याचदा चालत नाही. म्हणून नीट लावून दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तिसरी ट्यूब विकत न घेता डॉक्टरांना दाखवा. ते कातडीचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी सोपी आहे. जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्या.

लावल्यावर क्षणभर चुरचुरणं चालतं. फोड, सूज, वाढती आग आली तर बंद करा. पाय लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पू आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मधुमेह असेल तर नक्कीच. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मायकोनाझोल विचारल्याशिवाय लावू नये. गरोदर बायकांनी आणि लहान बाळांसाठीही आधी विचारावं. जननेंद्रियाजवळ क्लोट्रिमाझोल लावत असाल तर त्यानं कंडोमचं रबर कमकुवत होऊ शकतं, हेही लक्षात असू द्या.

आणि प्रत्येक चट्टा बुरशीचा नसतो. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत आणि घरातल्या सगळ्यांना होणारी खाज खरजेची असू शकते. पाठीवरच्या शिब्यांचे पांढरे डाग बुरशी मेल्यावरही काही महिने राहतात, त्यांना आणखी मलम नको असतं. पण फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तो खाजत नसेल, तर डोळे मिटून त्यावर कापसाचं टोक फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही किंवा आजूबाजूपेक्षा कमी कळला, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. घाबरू नका, तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्याची औषधं फुकट मिळतात. फक्त त्यावर नायट्याचं मलम चोळत दिवस घालवू नका, त्याच आठवड्यात जाऊन दाखवा.