उत्तरेकडच्या मोठ्या शिकारीसाठी स्वस्त रायफल घेताना या चुका टाळा

कॅनडातल्या उत्तर अल्बर्टात मूसच्या, म्हणजे तिकडच्या प्रचंड हरणाच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर आला की माझा फोन वाजू लागतो. फोन करणारे बहुतेक जण फोर्ट मॅकमरे किंवा ग्रँड प्रेरी येथे नोकरीनिमित्त आलेले आपल्याकडचे तरुण असतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ संपली, त्यामुळे बापाने मुलाला बंदूक धरायला शिकवावी असे वळण त्यांच्या घरात नसते आणि त्याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही. मी दोष देतो तो घाईला. शस्त्रपरवान्याचा अभ्यासक्रम एका शनिवार-रविवारी उरकायचा, परवाना हाती पडताच रायफल घ्यायची आणि पुढच्याच आठवड्यात साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावरासमोर उभे राहायचे, हा क्रम मला मान्य नाही. हजार डॉलरच्या आतबाहेर मिळणाऱ्या रायफली आज खरोखर चांगल्या आहेत. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट यांपैकी कोणतीही घेतली तरी ती बहुतेक नवशिक्यांपेक्षा अचूक असते. चूक रायफलीच्या नावात क्वचितच असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नाकापेक्षा मोती जड करणे. जनावर मोठे म्हणून काडतूसही मोठे हवे, असा सरळ हिशोब मांडून नवशिका माणूस .३०० विंचेस्टर मॅग्नम मागतो, आणि किंमत कमी ठेवायची असल्यामुळे ते सर्वांत हलक्या, प्लास्टिकच्या दस्त्याच्या रायफलीत घेतो. रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त, हे गणित दुकानात कोणी सांगत नाही. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीत .३०-०६ या जुन्या, मध्यम काडतुसाचा धक्का सुमारे २० फूट-पौंड असतो, तर .३०० मॅग्नमचा त्याच्या दीडपटीच्या जवळ जातो. त्या बदल्यात मिळते काय, तर १८० ग्रेनची (सुमारे १२ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटरऐवजी ९०० मीटर वेगाने सुटते. आमच्या झुडपी, दलदलीच्या रानात मूस बहुधा दीडशे मीटरच्या आतच दिसतो आणि तेवढ्या अंतरावर हा फरक त्या जनावराला कळत नाही. तो खांद्याला मात्र कळतो.

काही वर्षांपूर्वी एका तरुण अभियंत्याने माझा सल्ला धुडकावून अशीच रायफल घेतली. चांदमारीच्या मैदानावर सहा फैरी झाडून त्याने खांदा चोळला आणि आता नेम बसला, असे जाहीर केले. मी त्याच्या नकळत मॅगझीनमध्ये एक खोटे काडतूस मिसळले. त्याची पाळी आली तेव्हा बार उडाला नाही, पण चाप ओढताना रायफलीचे तोंड वीतभर खाली गेलेले आम्ही दोघांनीही पाहिले. धक्का बसण्याआधीच त्याचे शरीर दचकत होते. मी त्याला त्या हंगामात थांबायला सांगितले, परंतु त्याने सुट्टी काढून ठेवली होती. सप्टेंबरच्या अखेरीस नव्वद मीटरवर एक नर मूस आडवा उभा राहिला. मूसच्या फुप्फुसांची जागा मोठ्या परातीएवढी असते आणि नव्वद मीटरवरून परात चुकवणे अवघड आहे, पण त्याने ती चुकवली आणि गोळी पोटात गेली. अंधार पडेपर्यंत आम्ही माग काढला, रात्रभर गाडीत बसून राहिलो आणि सकाळी जनावर सापडले तेव्हा निम्म्याहून अधिक मांस वाया गेले होते. त्या रात्रीच्या यातना त्या जनावराने एका माणसाच्या हौसेपायी भोगल्या, हे मी त्याला स्पष्ट शब्दांत ऐकवले. पुढच्या वसंतात त्याने ती रायफल विकून कमी धक्क्याच्या .३०८ काडतुसाची रायफल घेतली आणि आज तो माझ्यापेक्षा चांगला नेम धरतो.

ज्यांना .३०८ किंवा .३०-०६ ही म्हाताऱ्यांची काडतुसे वाटतात, त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. कॅनडाच्या उत्तर टोकाला गस्त घालणाऱ्या रेंजर्सना, ज्यांची गाठ हिमअस्वलांशी पडू शकते, जुन्या .३०३ ली-एनफिल्डच्या जागी जी नवी रायफल मिळाली ती टिक्का टी-३ एक्स या फिनिश रायफलीवर बेतलेली असून .३०८चीच आहे. स्वीडनमध्ये तर ६.५×५५ या त्याहून सौम्य काडतुसाने शंभराहून अधिक वर्षे मूस पाडले जात आहेत. मात्र तेथे शिकारीच्या परीक्षेत नेमबाजीचीही चाचणी द्यावी लागते, हा भाग आपले लोक सोयीस्करपणे विसरतात. माझा नियम असा आहे की पहिल्या हंगामाआधी निदान पाच खोकी, म्हणजे शंभर काडतुसे, टप्प्याटप्प्याने उडवावीत आणि त्यांतली निम्मी बसून नव्हे, तर गुडघा टेकून किंवा झाडाला टेकून उडवावीत.

दुसरी चूक स्कोपची, म्हणजे रायफलीवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीची, आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे म्हणून आपण हसतो, पण या बाबतीत मसालाच महाग असावा, असे माझे ठाम मत आहे. रायफलीसोबत फुकटात चढवून दिलेला स्कोप पहाटेच्या अंधुक उजेडात, म्हणजे नेमका मूस बाहेर येतो तेव्हा, काळा पडतो. त्याहून वाईट म्हणजे तो कोणी आणि कसा बसवला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. माझ्या पहिल्या रायफलीवर दुकानातल्या माणसाने स्कोप बसवून दिला आणि मी त्याच्यावर विसंबलो. खडीच्या रस्त्यावर ऐंशी किलोमीटर हादरे खाऊन रानात पोहोचल्यावर मी एका उभ्या मूसवर दोन गोळ्या चुकवल्या, आणि तंबूत येऊन पाहतो तो स्कोप धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू बोटांनी फिरत होते. तेव्हापासून मी स्कोप स्वतः बसवतो. स्क्रूंवरचे तेल पुसून टाकतो, कड्यांचे स्क्रू मोजणीच्या पेचकसाने १५ ते २० इंच-पौंडांपर्यंत आवळतो आणि प्रत्येकावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देतो, म्हणजे स्क्रू हलला की ठिपका मोडलेला दिसतो. शिवाय मुक्कामी पोहोचल्यावर, जेथे परवानगी असेल तेथे, शंभर मीटरवर एक गोळी झाडून पाहतो. दुकानात लेझर लावून जुळवलेला नेम म्हणजे बसलेला नेम नव्हे.

थंडीचा विचार ऑगस्टमध्ये कोणाच्याही मनात नसतो. दुकानातल्या गारव्यात टी-शर्टवर खांद्याला नीट बसलेला दस्ता नोव्हेंबरात जाड कोटावरून लांब वाटू लागतो, डोळा स्कोपपासून दूर जातो आणि चित्राच्या कडेला काळी सावली येते. म्हणून मी उन्हाळ्यातही कोट आणि हातमोजे घेऊनच दुकानात जातो. लोक हसतात, हसू द्यावे. हातमोजा घातलेले बोट चापापाशी नीट जाते का आणि बोल्टचा, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या खिटीचा, दांडा पकडता येतो का, हेही तेथेच पाहून घ्यावे. कारखान्यातून आलेले तेल उणे तीस अंशांत गुळासारखे घट्ट होते, आघातपिन सुस्तावते आणि चाप ओढल्यावर नुसता टक् असा आवाज येतो, म्हणून बोल्ट पूर्ण धुऊन कोरडा ठेवावा किंवा त्याला ग्रॅफाइटची पूड लावावी. रानातून आलेली गार रायफल थेट उबदार घरात आणली तर तिच्यावर आतबाहेर दव धरते. मी ती रिकामी करून, कुलूपबंद पेटीतच ठेवून, पेटीसकट हळूहळू गरम होऊ देतो.

स्वस्त प्लास्टिकचा दस्ता पुढच्या टोकाशी दाबला की वाकून नळीला टेकतो आणि गोळी भलतीकडे जाते, म्हणून नळी व दस्त्यामधून पाच डॉलरची नोट सरकते का ते पाहावे आणि टेकण देताना ते मॅगझीनच्या जवळ द्यावे. मॅगझीन प्लास्टिकचे असेल तर दुसरे विकत घ्यावे, कारण पहिले बर्फात पडणारच. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या गोळ्या शिकारीला नेऊ नयेत. ज्या काडतुसाचे नाव गावातल्या किराणा-अवजारांच्या दुकानदाराला ठाऊक नाही, ते काडतूस घेऊ नये.

राहिली जुनी .३०३. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली असल्यामुळे तिच्याबद्दल मराठी माणसाला जिव्हाळा असतो आणि मूसला ती आजही पुरते. पण दस्ता कापून हलकी केलेली जुनी लष्करी रायफल घेताना नळीच्या आत उजेड धरून पाहावे, बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे याची खात्री करावी, आणि क्रमांक जुळत नसतील तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याने तपासून दिल्याखेरीज तिच्यातून एकही बार काढू नये.