‘खाते बंद’ डावीकडच्या पानावर हवं होतं

मी मूळची डीटीपीवाली, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारी. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका प्रेसवर अकरा वर्षं लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि निवडणुकीची पत्रकं लावली. कॉमिकच्या धंद्यात शिरले ती चित्रं काढायला नाही आणि गोष्ट लिहायलाही नाही. ओळखीतल्या एका मुलानं गुन्हेकथेची बारा पानं काढून ठेवली होती. चित्रं झकास, पण संवादांचे सगळे फुगे रिकामे. ‘प्रेत’ हा शब्द टाइप केला की त्याच्या फोटोशॉपमध्ये प वेगळा, र वेगळा आणि मधे पाय मोडलेला. प्रेताचेच तुकडे पडत होते म्हणा ना. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला की हे दुखणं जातं. मी ते दोन मिनिटांत केलं, त्यानं चहा मागवला, आणि तेव्हापासून मी त्याची फुगेवाली झाले. आता गोष्टीही मीच लिहिते.

नव्यानं येणारी मुलं मला तीनच प्रश्न विचारतात. चित्र येत नसेल तर चालतं का? चालतं, लेखक, चित्रकार, रंग भरणारा, अक्षरं बसवणारा ही चार वेगळी कामं आहेत. मुंबई-पुण्याला जावं लागतं का? नाही. पोट भरतं का? माझं अजून नाही, दुपारपर्यंत मी प्रेसवरच असते. इथवर सगळं सोपं. खरी माती होते ती पुढे.

आधी वाचायचं काय, ते सांगते. अमेरिकेत कॉमिकच्या दुकानांत नवे अंक बुधवारी लागतात. अंक साधारण बत्तीस पानांचा, त्यात गोष्टीची वीस-बावीस पानं, बाकी जाहिराती. तिथला दुकानदार सहसा न खपलेला अंक परत करू शकत नाही, म्हणून किती प्रती हव्यात ते तो अंक यायच्या साधारण तीन आठवडे आधी पक्कं करतो, आणि छपाई त्या आकड्यावर ठरते. मोठ्या कंपन्यांच्या सुपरहिरोंना हे झेपतं. एकट्यादुकट्यानं काढलेल्या गुन्हेकथेचं मात्र पहिल्या अंकाला नाव झालं नाही, तर तिसऱ्या अंकापर्यंत दुकानदार हात आखडता घेतो. तरीही माणसं टिकली. डेव्हिड लॅफमनं १९९५ साली ‘स्ट्रे बुलेट्स’ स्वतःच्या हिमतीवर छापायला सुरुवात केली. एड ब्रुबेकर आणि शॉन फिलिप्स या जोडीचं ‘क्रिमिनल’ २००६ साली सुरू झालं. पुढे २०१८ पासून त्यांनी काही गोष्टी महिन्याचे अंक न काढता थेट पूर्ण पुस्तक म्हणूनच आणल्या. गुन्हेकथेला ते मानवतं असं माझं मत आहे. महिनाभर थांबून वाचकाला खुनी आठवत नाही, आणि आपल्याकडे तर अंक वेळेवर मिळेल याचीही खात्री नसते. मी नवे अंक डिजिटल घेते, महिन्याला एकच, आणि त्याची पानं वहीत काडीचित्रांत उतरवून काढते. फक्त चौकटी आणि कोण कुठे उभा आहे एवढंच. दहा अंक असे उतरवले की हात आपोआप शिकतो.

अमेरिकेत गुन्हेकथेनं एकदा जबर मार खाल्लाय, हेही माहीत असू द्या. १९५४ साली तिथे मुलांच्या बिघडण्याचं खापर कॉमिकवर फुटलं, सिनेटसमोर सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली घालून घेतली. मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा मोठा दिसता कामा नये, इतपर्यंत त्यात लिहिलेलं होतं. आपल्याकडे निराळी तऱ्हा. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीत बोलला, आणि त्याच इंद्रजालमध्ये पुढे आबिद सुरतींचा बहादूर डाकूंच्या मागे लागला. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आमच्या आजोबांची पिढी रात्र जागवायची. पण या दोन्हींचा संसार कधी नीट जुळला नाही. मराठी रहस्यकथा अक्षरांतच राहिली. तुम्हाला जागा रिकामी आहे ती इथे.

आता नाशिकचं. इथला प्रत्येक नवा लेखक पहिली गोष्ट म्हणून इंग्रज कलेक्टर जॅक्सनचा वध घेऊन येतो. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, ‘शारदा’चा प्रयोग, अनंत कान्हेरे. विषय मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या चित्रकारानं त्यावर दोन महिने घातले आणि तिसऱ्या चौकटीत अडकला: नाट्यगृहात दिवे कसले होते? खुर्च्या कशा होत्या? कलेक्टरच्या अंगात काय होतं? लेखकाला ‘दिवे मंद होते’ म्हणून सुटता येतं, चित्रकाराला दिवा काढावा लागतो. म्हणून पहिली गोष्ट आजची घ्या, जिथे जाऊन उभं राहता येतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर पूर किती आला ते दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, कमरेपर्यंत का छातीपर्यंत. बघा, एका ओळीत तुम्हाला ठिकाण मिळालं, वेळ मिळाली आणि प्रेत किती वेळ पाण्याखाली राहील त्याचं मापही मिळालं. सीबीएसवरची, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरची रात्रीची शेवटची बस, अंबडच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटायची वेळ, सराफ बाजारातली चिंचोळी गल्ली. सगळं जाऊन बघता येतं, फुकट.

आणि गुन्हा म्हणजे पिस्तूलच असं नाही. आमचा पहिला अंक द्राक्षांचा होता. निफाडकडचा बागाईतदार, बाहेरगावचा व्यापारी. व्यापारी पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, विश्वास बसतो, मग उरलेली बाग खुडून नेतो आणि हातावर चेक ठेवतो. या भागात कुणालाही विचारा, प्रत्येकाच्या नात्यात एक असा चेक असतो. कायद्यानं गोष्टीला आयतं घड्याळही दिलं. चेक तीन महिने चालतो. न वटता परत आला की बँकेचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला पंधरा दिवस असतात. पराक्राम्य संलेख अधिनियम १८८१, कलम १३८. मी हे दिवस प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकले. पाठलाग नाही, गोळीबार नाही, तरी वाचक आकडे मोजत बसला.

कलमांवरून आठवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतरच्या खुनाला आता कलम १०३ लागतं आणि फसवणुकीला ३१८. बोलताना लोक अजून ‘तीनशे दोन’ आणि ‘चारसोबीस’च म्हणतात, आणि फुग्यात तेच ठेवा. पण चित्रातल्या एफआयआरवर जुनं कलम दिसलं की वकील वाचक तुम्हाला सोडत नाही. वर्दीचंही तसंच: उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन तारे, निरीक्षकाच्या तीन. महाराष्ट्र पोलीस अकादमी इथे त्र्यंबक रस्त्यावर असताना नाशिककरानं तारे चुकवावेत हे बरं दिसत नाही.

आता माझी चूक. ही नीट वाचा.

गुन्हेकथेच्या कॉमिकमध्ये वाचकाचा अंगठा हे मोठं हत्यार असतं. उघड्या अंकात वाचकाला दोन पानं एकदम दिसतात. तो वाचत असतो डावीकडचं, पण डोळ्याचा कोपरा उजवीकडे जाऊन आलेला असतो. म्हणून धक्का द्यायचा तो पान उलटल्यावर, म्हणजे डावीकडच्या, सम आकड्याच्या पानावर. त्याच्या आधीच्या उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त हूक टाकायचा, पान उलटावंसं वाटेल इतकाच. आमच्या पाचव्या पानाची शेवटची चौकट अशी होती: बँकेची खिडकी, कारकुनानं सरकवलेला कागद, आणि त्या कागदावर बागाईतदाराचा अंगठा. द्राक्ष खुडताना कात्रीनं चिरलेला, नखात माती. कागदावर काय लिहिलंय ते अंगठ्याखाली. पान उलटलं की सहाव्या पानावर एकच मोठी चौकट: तोच कागद, अंगठा बाजूला, आणि कारण म्हणून दोनच शब्द, ‘खाते बंद’. पैसे कमी पडले असते तर माणूस अडचणीत होता असं म्हणता आलं असतं. ‘खाते बंद’ म्हणजे तो चेक लिहितानाच पळून जायचं ठरवून बसला होता.

चित्रकारानं त्या अंगठ्यावर तीन रात्री घातल्या. आणि मी काय केलं? आतली वीस पानं होती, गोष्ट अठराची. शेवटी दोन पानं मोकळी राहत होती. त्यातलं एक मी पुढे आणलं आणि त्यावर आभार टाकले: आईबाबा, प्रेसचे मालक, अमुक तमुक. प्रत्येक पान एकानं पुढे सरकलं. पाचवं झालं सहावं, सहावं झालं सातवं, आणि अंगठा नि ‘खाते बंद’ शेजारीशेजारी उघडे पडले. दीडशे प्रती छापून, पिना मारून घरी आल्या तेव्हा कळलं. पहिल्याच विक्रीला एक काका अंक चाळून म्हणाले, “ताई, याचं खातं बंद आहे ना? लांबूनच दिसलं.” चित्रकार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं त्यानं.

तेव्हापासून मी छपाईआधी डमी करते. पाठपोट झेरॉक्स काढून, दुमडून, पिन मारून, आणि गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हातात देते. आमच्या प्रेसवरचा कटिंगवाला यात फार कामाचा. तो काही बोलत नाही, पण त्याचा अंगठा कुठे थांबतो ते मी बघते. पिनेच्या बांधणीला पानं चाराच्या पटीत लागतात, त्यामुळे मोकळी पानं उरणारच. ती शेवटी ठेवा, आभार शेवटीच शोभतात.

अक्षरांबद्दल थोडं, कारण हे माझं घर. देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरं नाहीत, म्हणून ओरडणं ठळकपणावर आणि फुग्याच्या आकारावर न्यावं लागतं. ओळीवरची वेलांटी आणि रफार, ओळीखालचे उकार यांना जागा लागते; दोन ओळींतलं अंतर कमी केलं तर वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत घुसतो. एका फुग्यात मी पंधरा शब्दांपुढे जात नाही. फॉन्ट घ्याल तो ‘खून’, ‘दुसऱ्या’ आणि ‘लपला’ हे तीन शब्द टाइप करून पारखा. ख चे दोन भाग सुटले तर ‘रवून’ वाचलं जातं, ऱ्या नीट नसेल तर फॉन्ट मराठीसाठी केलेलाच नाही, आणि ल हिंदी वळणाचा असेल तर वाचकाला का खटकतंय ते कळत नाही पण खटकतं. ‘कलम’ हा फॉन्ट मोफत आहे आणि हाताच्या वळणाचा आहे, सुरुवातीला तो पुरे. काळी अक्षरं फक्त काळ्याच शाईत ठेवा; चार रंग मिसळून काळं केलंत आणि कागद केसभर सरकला की प्रत्येक अक्षराला सावली येते. आवाजांची मात्र आपल्याकडे चंगळ आहे. खट्, धाडकन, किर्र, सर्रकन, चर्र. ‘बँग’ कशाला हवं?

पैशाचं झटपट सांगते. अमेरिकन दुकानदारांकडून मी एकच गोष्ट उचलली: आधी मागणी, मग छपाई. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन पानं दाखवली, साठ जणांनी आगाऊ पैसे भरले, दीडशे छापल्या. प्रत पडली पंचेचाळीस रुपयांना, विकली एकशे वीसला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर उठून या.

आणि कागद करा. मला एका प्रकाशकानं ‘घरचंच काम आहे’ म्हणून तोंडी बोलीवर चाळीस पानांची अक्षरं बसवायला लावली, नंतर ती पानं दुसऱ्याच संग्रहात दिसली. ना नाव, ना पैसा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. चित्रकार मित्र असला तरी कोणाचा वाटा किती हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. आम्ही ते अंगठ्याच्या भांडणानंतर केलं.

दुसरा अंक पुरावर आहे. सोळा पानं, घटना एका रात्रीतली. दहाव्या पानावर पाणी दुतोंड्याच्या छातीला लागतं आणि घाटावरचा दुकानदार कुलूप लावायला परत जातो. त्याला कोण भेटतं ते डावीकडे बसवायचं म्हणून मी मधली एक चौकट काढायला सांगितलीय, आणि चित्रकार म्हणतो ती चौकट काढली तर दुकानदार परत का गेला तेच कळत नाही. डमी कटिंगवाल्याकडे आहे.