'सोवळा' लिहिताना या चुका टाळा

प्रुफात 'सोवळा' दिसला की मी आता चहा बाजूला ठेवतो. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'सचोटीचा', 'निष्कलंक', उतरतं भलतंच.

मी स्वतःही यात तोंडावर आपटलोय. एका घरच्या स्मरणिकेत नातवानं लिहिलं होतं, 'आजी शेवटपर्यंत सोवळी राहिली.' म्हणायचं होतं, तत्त्व सोडलं नाही. मी घाईत ऱ्हस्व-दीर्घ तपासून पान सोडलं. छापून आलं त्या संध्याकाळी त्याच्या आत्याचा फोन. "अहो, आई अहेव गेली आमची. मळवट भरून, हिरवं नेसवून नेली. आणि तुम्ही तिला सोवळी केलीत? बाबा इथे झोपाळ्यावर बसलेत!" अहेव म्हणजे नवरा हयात असताना गेलेली. आणि जुन्या बोलीत सोवळी म्हणजे केशवपन झालेली, आलवण नेसलेली विधवा. सगळ्या प्रतींवर बसून पट्ट्या चिकटवल्या. तेव्हापासून असं वाक्य आलं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवतो. कोश नंतर.

दुसरी चूक मानपत्रातली: 'सोवळे व्यक्तिमत्त्व'. हा शब्द नकारात शोभतो. 'या व्यवहारात कोणीच सोवळं नाही' हे वाक्य चोख आहे. पण कौतुकाला वापरलात की टोमण्याचा वास येतो, कारण 'मोठा सोवळा लागून गेलास!' हेच कानात बसलंय. शिवाय सोवळ्याच्या मागे ओवळं आणि विटाळ येतात. ज्यांच्या आजोबांना पाणी वरून ओतलं जायचं, त्यांच्या सत्कारात हा शब्द वाचणार आहात का? 'सचोटीचा' लिहा आणि मोकळे व्हा. मोबाईलवर समानार्थी शब्द शोधून पहिला दिसेल तो उचलणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो म्हणा. त्यांना दहा मिनिटांत मजकूर हवा असतो.

'सोज्ज्वळ' हा त्याचा पर्याय नव्हे. तो चेहऱ्यामोहऱ्याला, वागण्याबोलण्याला लावतात. हिशेब चोख ठेवणाऱ्या खजिनदाराला नाही.

पूजेचं सोवळं घालत नाहीत, नेसतात. मग ते रेशमी असो की लोकरीची धाबळी.

जुन्या पुस्तकातलं 'सोंवळा' पाहून 'सों' लिहू नका, १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तो न उच्चारला जाणारा अनुस्वार गेला. आणि 'नितीमत्ता' नाही हो, 'नीतिमत्ता'. पहिली दीर्घ, दुसरी ऱ्हस्व.