वजनाच्या ऑपरेशनला नागपूरला जायच्या आधी: बीएमआय कमी असणाऱ्यांसाठी

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० ते ३५ च्या मधे आहे, गोळ्या वाढवूनही शुगर आटोक्यात येत नाही, आणि कुणीतरी ‘नागपूरले जाऊन ऑपरेशन करून टाका’ असं सुचवलंय, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. माझी मोठी ताई सध्या याच विचारात आहे. तिच्यासाठी जी यादी काढली तीच इथे सविस्तर मांडतो. माझं स्वतःचं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन झालेलं आहे. वजन उतरलं, शुगर सुधारली, त्याबद्दल तक्रार नाही. पण डॉक्टरांना एक गोष्ट सांगायची राहून गेली आणि तिच्यामुळे आज पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून झोपावं लागतं. ती गोष्ट म्हणजे जळजळ. छातीतली जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, करपट ढेकर. या यादीत ती पुन्हापुन्हा येईल.

आधी उंची आणि वजन नीट मोजून घ्या. हे फालतू वाटतं, पण बीएमआय काठावर असला की उंचीतल्या इंचभर फरकानेही आकडा हलतो. ७९ किलो वजन आणि १५७ सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय ३२ येतो. तीच उंची अंदाजाने १६० लिहिली तर ३१ च्याही खाली. अनवाणी उभं राहून मोजा. कंबरही मोजा, कारण आपल्याकडच्या माणसाची चरबी पोटावर साठते आणि कमी वजनातच शुगर लागते. म्हणूनच २०२२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा असं म्हटलं आहे. त्याआधी १९९१ चे जुने निकष चालायचे: ४०, किंवा आजार असतील तर ३५. गावातला कुणी जाणकार ‘तुमचं वजन एवढं कुठं आहे’ म्हणाला तर तो जुनं बोलतोय एवढं लक्षात ठेवा. पण विचार करावा याचा अर्थ करूनच टाकावं असा नाही.

कारण या बीएमआयला ऑपरेशन मुख्यतः शुगरसाठी असतं. मग शुगरचा पूर्ण इतिहास सोबत हवा: कधी लागली, इन्सुलिन सुरू आहे का, किती युनिट, कुठल्या गोळ्या. सी-पेप्टाइडची तपासणी झाली नसेल तर मागून घ्या. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करायची ताकद किती उरली आहे ते त्यावरून कळतं, आणि ती फार कमी उरली असेल तर ऑपरेशनने शुगर जाईल ही आशा कमी धरावी. शुगर जितकी नवी, तितका फायदा जास्त. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही लोकांवर स्टॅम्पीड नावाचा अभ्यास झाला. त्यात बीएमआय २७ पासून ४३ पर्यंतची माणसं होती. ५ वर्षांनी एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६ किंवा त्याखाली ठेवू शकलेले बायपासवाले (हा दुसरा प्रकार, पुढे सांगतो) २९ टक्के, स्लीव्हवाले २३ टक्के आणि नुसत्या औषधांवरचे ५ टक्के. म्हणजे ऑपरेशनचा उपयोग आहे, पण ‘शुगर कायमची जाते’ असं जे कुणी सांगतं त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि हेही पाहा की दोन ऑपरेशनांमधला फरक मोठा नाही. कोणतं निवडायचं हे मग वजनावर ठरत नाही. तुमच्या पोटाच्या बाकी तक्रारी, तुमची व्यसनं, तुमच्या रोजच्या गोळ्या यांवर ठरतं.

इथे आपल्या भागापुरती एक गोष्ट. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात घरोघरी नातेवाइकांत कुणी ना कुणी वाहक सापडतं. तपासणी झाली असेल तर त्याचं कार्ड फाइलला लावा, नसेल तर आधी करून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असलंच पाहिजे. शिवाय सिकलसेल असलेल्यांत एचबीए१सीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. त्या एका आकड्यावर ऑपरेशन ठरवू नका. उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या शुगरच्या नोंदीही सोबत न्या.

आता जळजळ. आपल्याकडे हिला कुणी आजार धरतच नाही. ठेचा खाल्ला म्हणून होते, तर्रीचे पोहे खाल्ले म्हणून होते, रात्री सावजी झालं म्हणून होते. ‘हे त साऱ्यायलेच होते’ असं म्हणून विषय संपतो. ओपीडीत मला विचारलं होतं, अॅसिडिटी वगैरे? मी नाही म्हणालो, आणि त्या वेळी शर्टाच्या खिशात पॅन-डीची अर्धी संपलेली पट्टी होती. रोज सकाळी ती गोळी घेत होतो म्हणून त्रास जाणवत नव्हता, आणि जाणवत नव्हता म्हणून नाही म्हणालो. ताईला परवा तेच विचारलं, ‘ताई, तू जळजळीची गोळी घेते काय?’ ती म्हणाली, ‘गोळी नाई घेत. रात्री ईनो लागते फक्त.’ फक्त! ईनो लागतं म्हणजे जळजळ आहे. सोडा, जेलुसिल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली पांढरी गोळी, हे सगळं सांगायचं. रिकामी पट्टी सोबत न्या. नाव आठवत नाही म्हणून राहून जायला नको. रात्री झोपेतून खोकत उठता का, आडवं झालं की घशाशी येतं का, सकाळी तोंड आंबट असतं का, आवाज बसतो का, तेही लिहून काढा. घरातल्या माणसाला विचारा, कारण रात्रीचं त्यांनाच जास्त माहीत असतं.

हे एवढं का, ते ऑपरेशनांचे प्रकार पाहिले की कळेल. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरते ती एक अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून हे सोपं वाटतं आणि बरेच जण हेच निवडतात. पण त्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. ज्याला आधीच जळजळ आहे त्याची वाढते, ज्याला नव्हती त्यालाही लागू शकते. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास झालेल्या लोकांना १० वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना होती आणि बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना. कापलेलं जठर परत लावता येत नाही. त्रास फारच वाढला तर दुसरं ऑपरेशन करून बायपास करावा लागतो.

बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जळजळ असणाऱ्याला साधारणपणे हे बरं. पण त्याची किंमत वेगळी आहे. लोह, बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी शोषलं जातं आणि गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. माळकरी घरातल्या, अंडीही न खाणाऱ्या माणसाचं बी१२ आधीच तळाला असतं. बायांचं हिमोग्लोबिन तसंच. दुसरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. निंदण-खुरपणं करून कंबर धरली की आपण डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊन मोकळे होतो. बायपासनंतर त्या गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. तंबाखूनेही होऊ शकतो. म्हणजे खर्रा सोडायचा, आणि तो ऑपरेशनपुरता नाही, कायमचा. जो माणूस खर्रा सोडणार नाही किंवा ज्याला गुडघ्यांमुळे त्या गोळ्या टाळताच येणार नाहीत, त्याने हे डॉक्टरांना खरं सांगावं. बायको सोबत आहे म्हणून खर्ऱ्याचं लपवू नका.

तिसरा प्रकार मिनी बायपास, त्यात एकच जोड असतो. शुगरवर चांगला चालतो. पण पित्त वर येण्याचा त्रास होऊ शकतो, आणि आतड्याचा किती भाग वगळणार हे महत्त्वाचं आहे. बीएमआय कमी असलेल्या माणसाचं आतडं जास्त वगळलं तर वजन गरजेपेक्षा जास्त उतरतं, अंगातली प्रथिनं कमी होतात, पायांवर सूज येते. ‘किती सेंटिमीटर वगळणार आणि माझ्या वजनाला एवढं कशासाठी’ हे तोंडाने विचारा. विचारायला लाजू नका. वजन उतरवायला जठरात फुगा ठेवतात, त्याचा विचार या यादीत करतच नाही. तो साधारण ६ महिन्यांनी काढतात आणि वजन परत यायला लागतं.

वजन आणि शुगर उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं मात्र विचारा. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. ३० ते ३५ च्या बीएमआयला ती हा रास्त पर्याय आहे, आणि ती वापरून न पाहता थेट कापाकापीकडे का जायचं याचं उत्तर डॉक्टरांकडून मिळालं पाहिजे. बंद केली की वजन बहुधा परत येतं आणि दरमहा पैसे लागतात, हेही खरं. ती सुरू असतील तर भूल देणाऱ्यांना सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं.

पुन्हा जळजळीकडे. तोंडी सांगून भागत नाही, एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण टाकून तपासणी, झालीच पाहिजे. ‘तुमचं साधंच आहे, गरज नाही’ म्हणाले तरी आग्रह धरा. अन्ननलिकेला सूज आहे का, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीकडे सरकणं) आहे का, अन्ननलिकेचं अस्तर बदललं आहे का, जठरात एच. पायलोरी नावाचा जंतू आहे का, हे सगळं त्यात दिसतं. आणि इथेही तीच गोळी आडवी येते. रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याची सूज तात्पुरती भरून निघालेली असते, एच. पायलोरीची तपासणीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांना गोळी चालू आहे हे माहीत नसेल तर ते ‘सगळं स्वच्छ’ लिहून देतील. तेव्हा गोळी किती दिवस आधी थांबवायची हे आधीच विचारून घ्या. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: जळजळ आहे, अमुक गोळी अमुक वर्षांपासून रोज. सर्जनला सांगा, एंडोस्कोपीवाल्यांना सांगा, भूलवाल्यांना सांगा. एकाने लिहून घेतलं म्हणून दुसऱ्याला कळेल असं धरू नका.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत का पाहा. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात. घोरत असाल तर सांगा. मूल हवं असलेल्या बाईने ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये. शुगरचे जुने कागदही सोबत असू द्या.

पैशाचं. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरोग्य विम्याच्या ठरलेल्या नियमात वजनाच्या ऑपरेशनला बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारी शुगर. ३२ वाल्याचा दावा बहुतेक करून नाकारला जातो. पूर्वमंजुरी लेखी घ्या, नाहीतर खर्च खिशातून धरून चाला. कपाशीच्या चुकाऱ्यावर भिस्त ठेवून तारीख घेऊ नका. खर्चात पुढच्या वर्षांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्याही धरा.

हंगाम बघा. एप्रिल-मे नको. पंचेचाळीस डिग्रीत घोटघोट पाणी पिऊन दिवसभराचं भरत नाही आणि माणूस कोरडा पडतो. पेरणीच्या तोंडावर नको, कारण सहाएक आठवडे ओझं उचलायचं नसतं आणि घरी राहून कुणी ऐकत नाही. कापसाची वेचणी उरकली की जानेवारी-फेब्रुवारी बरा.

ऑपरेशनआधीचा पातळ आहार डॉक्टर लिहून देतील, तो पाळा. लिव्हर लहान होतं आणि काम सोपं जातं. पिशवीत सैल कपडे, चार्जर, ३० मिलीचा छोटा कप. सोबत ऐकून लक्षात ठेवणारं माणूस हवं.

घरी आल्यावर पाणी, मग प्रथिनं, दिवसाला ६० ग्रॅम तरी. चहात गूळ-साखर नको. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पूर्वीच्याच मापाने घेऊ नका, कमी कराव्या लागतात.

उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर गावातल्या डॉक्टरकडे नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. आधी बी१ म्हणजे थायमिन, मग ग्लुकोज. थायमिन कमी असताना ग्लुकोज दिलं तर मेंदूवर परिणाम होतो, डोळ्यांपुढे दुहेरी दिसतं, चाल अडखळते. हे एका चिठ्ठीवर लिहून घेऊन त्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा, सर्जनचा नंबर त्याच चिठ्ठीवर. छातीचे ठोके वाढले, ताप आला, पोट-खांदा दुखला तर थेट नागपूर, रात्र असली तरी.

रक्ततपासणी ३, ६, १२ महिन्यांनी, पुढे दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगात साठलेलं लोह), बी१२, ड, कॅल्शियम. स्लीव्ह झालं असेल तर काही वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी, जळजळ असो वा नसो.